घंटा वाजली, पण येणार कोण?

घर, दुकान व कारखान्यासाठी अलार्म घेण्यापूर्वी बांधवांनी काय पाहावे

रत्नागिरी जिल्ह्यातील एका गावात आमच्या परिचयातील एका बांधवाचे वडिलोपार्जित घर आहे. ते स्वतः कुवैतला नोकरीस, धाकटा भाऊ मुंब्र्यात कापडाच्या धंद्यात. वालिदा हयात होत्या तोवर घर नांदते होते; त्यांच्या पश्चात घराला कुलूप लागले. एकदा सुट्टीवर आले असता त्यांनी घराला अलार्म बसवून घेतला. दारांना सेन्सर लागले, पडवीत सायरन लागला आणि वर्षभराचे पैसे भरून एका कंपनीची चोवीस तासांची देखरेखही घेतली. बांधव निर्धास्त मनाने कुवैतला परतले.

पहिल्याच पावसाळ्यात सायरन आठ-दहा वेळा वाजला. कधी वाऱ्याने खिडकी आपटली, कधी सेन्सरवरून पाल फिरली. शेजारी सुरुवातीला धावून आले, मग खिडकीतून डोकावू लागले, पुढे तेही थांबले. पावसाळा सरल्यावर एका रात्री सायरन वाजला तो मात्र खरा होता. कंट्रोल रूमने कुवैतचा नंबर फिरवला. बांधव रात्रपाळीवर आणि फोन कंपनीच्या कपाटात. मग मुंब्र्याच्या भावाला फोन लागला, पण मुंब्र्याहून ते गाव म्हणजे रात्रभराचा प्रवास. भाऊ पोहोचला तेव्हा उन्हे डोक्यावर आली होती. मुलीच्या निकाहसाठी जमवलेले दागिने गेले. त्याहून वाईट म्हणजे एका विधवा खालाने विश्वासाने ठेवायला दिलेले चार तोळेही गेले.

शेजारच्या बुजुर्ग चाचांना विचारले तेव्हा ते मान खाली घालून म्हणाले, "बेटा, रोजच वाजतं ना ते. आम्हाला वाटलं पालच असेल."

कंपनीने उत्तर दिले की, गजर झाल्यास दिलेल्या नंबरांवर फोन करणे एवढेच आमचे काम होते व ते आम्ही केले. करार काढून पाहिला तर खरोखर तेवढेच लिहिलेले होते. यंत्र बिघडले नव्हते, कंपनीनेही करार मोडला नव्हता. तरीही घर लुटले गेले, कारण घंटा वाजल्यावर येणार कोण, हा एकच प्रश्न घेताना कोणी विचारला नव्हता.

आपल्या समाजातील बरेच व्यापारी व कारागीर खाली दुकान व वर घर, पुढे कारखाना व मागे संसार अशाच जागेत राहतात. उमऱ्यासाठी, गावी लग्नासाठी, मालाच्या खरेदीसाठी जागा बंद ठेवावी लागते. अशा वेळी अलार्म विकणारे दारी येतात आणि आपण डबा पाहतो, रिमोट पाहतो, किंमत पाहतो. आमचे सांगणे असे की, डबा शेवटी पाहावा. आधी मिनिटे मोजावीत.

मिनिटांचा हिशेब

अलार्म चोराला अडवीत नाही. तो केवळ बातमी देतो. अडवण्याचे काम कुलूप, दार, गज आणि तिजोरी करतात. पकडण्याचे किंवा पळवून लावण्याचे काम माणूस करतो. म्हणून हिशेब असा मांडावा: गजर झाल्यापासून चोराच्या हाती माल लागेपर्यंत किती मिनिटे जातील? आणि गजर झाल्यापासून कोणीतरी माणूस जागेवर पोहोचेपर्यंत किती मिनिटे जातील? पहिला आकडा दुसऱ्यापेक्षा मोठा असेल तरच अलार्मचा पैसा सार्थकी लागला.

समजा दुकानाचे शटर उचकटताच घंटा वाजली, आतील लोखंडी तिजोरी फोडायला पंधरा मिनिटे लागतात आणि मदत दहा मिनिटांत येते. येथे अलार्म उपयोगी आहे. पण रोकड साध्या टेबलाच्या खणात असेल तर चोराला दोन मिनिटे पुरतात. मग दहा मिनिटांत आलेली मदत केवळ पंचनाम्याला उपयोगी पडते. हा हिशेब कोणतीही कंपनी मांडून देणार नाही. तो आपला आपणच मांडावयाचा आहे.

ही गोष्ट नवी नाही. अमेरिकेत बॉस्टनजवळ राहणाऱ्या ऑगस्टस पोप यांनी १८५३ साली दारे-खिडक्यांच्या विजेच्या घंटेचे पेटंट घेतले आणि पुढे एडविन होम्स यांनी ते विकत घेऊन त्याचा धंदा उभा केला. काही वर्षांत गिऱ्हाइकांच्या तारा एका मध्यवर्ती ऑफिसात आणून तेथे रात्रभर माणूस बसवण्याची पद्धत आली. म्हणजे धंद्याच्या आरंभीच हे कळून चुकले होते की, नुसत्या घंटेला किंमत नाही. ती ऐकून उठणाऱ्या माणसाला आहे. तारेच्या जागी आज मोबाइल व इंटरनेट आले, पण गरज तीच राहिली.

आधी कडी-कोयंडा, मग यंत्र

अलार्मवर पैसा टाकण्यापूर्वी जागेभोवती एक फेरी मारावी, तीही चोराच्या नजरेने. शटरला दोन्ही बाजूंस कुलूप आहे काय? मधले कुलूप लावले तरी खालची पट्टी कोपऱ्यातून उचलता येते काय? मागच्या दाराची चौकट वाळवीने पोकळ झाली आहे काय? कारखान्याचे छप्पर पत्र्याचे असेल तर चोर दाराकडे पाहतच नाही. चार स्क्रू काढून पत्रा सरकवतो व वरून उतरतो. न्हाणीघराची उंच खिडकी, जिन्यावरची झडप, शेजारच्या गच्चीवरून येणारी वाट या जागा मालकाला दिसत नाहीत, कारण तो रोज पुढच्या दाराने ये-जा करतो.

या दुरुस्त्यांना सुतार व वेल्डर पुरतो आणि खर्चही अलार्मच्या मानाने बेताचा येतो. मागच्या बोळात एक दिवा लावला तरी फरक पडतो. सोने मात्र बंद घरात ठेवू नये, अलार्म असला तरी. बँकेच्या लॉकरबाबत रिझर्व्ह बँकेचे नवे नियम १ जानेवारी २०२२ पासून लागू झाले आहेत. चोरी, दरोडा, आग किंवा बँकेच्या कर्मचाऱ्याची लबाडी यांमुळे लॉकरमधील वस्तू गेल्यास बँकेची जबाबदारी वार्षिक भाड्याच्या शंभर पटींपर्यंत धरली आहे. भाडे तीन हजार असेल तर मर्यादा तीन लाख. ही भरपाई संपूर्ण नव्हे, पण बंद घरातील कपाटापेक्षा ती कितीतरी बरी.

कोणता सेन्सर कोठे

बाजारात नावे पुष्कळ असली तरी मूळ प्रकार थोडेच आहेत.

पहिला चुंबकाचा सेन्सर. दाराच्या फळीवर चुंबक, चौकटीवर छोटी डबी. दार उघडले की दोन्हींत अंतर पडते व गजर होतो. हा सर्वांत स्वस्त व सर्वांत भरवशाचा. शटरसाठी याचाच जाड, धातूच्या आवरणातला प्रकार मिळतो. दाराचा साधा सेन्सर शटरला लावू नये; शटर वाऱ्याने हलते आणि रात्री-बेरात्री खोटा गजर होतो.

दुसरा हालचाल ओळखणारा, ज्याला बाजारात पीआयआर म्हणतात. माणसाच्या अंगाची उष्णता आजूबाजूच्या भिंतींपेक्षा वेगळी असते. ती उष्णता त्याच्यासमोरून सरकली की तो ओळखतो. तो साधारण सात-आठ फुटांवर, कोपऱ्यात बसवावा. चोर त्याच्या समोरून आडवा जाईल अशी जागा निवडावी. सरळ अंगावर येणारी हालचाल त्याला उशिरा कळते. उन्हाची खिडकी, भट्टी किंवा गरम यंत्र त्याच्यासमोर येऊ देऊ नये. काचेच्या पलीकडचे त्याला दिसत नाही, म्हणून शोकेसच्या मागे तो लावणे व्यर्थ.

येथे आपल्या हवामानाची एक खोच आहे. मे महिन्यात मालेगाव किंवा सोलापूरच्या पत्र्याच्या कारखान्यात आतली उष्णता माणसाच्या अंगाच्या उष्णतेइतकी होते. तेव्हा साधा पीआयआर मंद पडतो, कारण भिंत आणि माणूस त्याला सारखेच भासतात. अशा जागी पीआयआर व मायक्रोवेव्ह दोन्ही असलेला 'ड्युअल' सेन्सर मागावा. विकणारा हे आपणहून सांगत नाही.

तिसरा हादरा ओळखणारा. तिजोरीला व भिंतीला तो चांगला. पण भिवंडी, इचलकरंजी, मालेगावात शेजारच्या गाळ्यातील यंत्रमाग रात्रपाळीत चालू असतात आणि त्यांच्या ठोक्यांनी सामाईक भिंत सतत थरथरते. तेथे भिंतीवर हा सेन्सर लावला तर रात्रभर सायरन वाजेल. तो तिजोरीच्या अंगालाच लावावा व त्याची संवेदना कमी-जास्त करून घ्यावी.

कारखान्यात धुराचा सेन्सर त्याच पॅनेलला जोडता येतो व तो जोडावाच. मात्र सुताच्या रुईने व धुळीने तो फसतो. अशा जागी उष्णतेवर चालणारा सेन्सर बरा.

कॅमेरा हा अलार्मचा जोडीदार आहे, पर्याय नव्हे. चोर गेल्यावर कॅमेरा चेहरा दाखवतो, येताना अडवीत नाही. कॅमेरा नवीन घेताना सरकारची सुरक्षा-चाचणी झालेला व नोंदणी क्रमांक असलेलाच घ्यावा. एप्रिल २०२५ पासून सीसीटीव्हीच्या विक्रीस ही अट लागू झाली आहे. सोबत आलेला पासवर्ड त्याच दिवशी बदलावा. आणि घराच्या आतल्या खोल्यांत, बायका-मुलींच्या वावरात कॅमेरा किंवा फोटो काढणारा सेन्सर लावू नये. त्याची चित्रे दूरच्या कंट्रोल रूममधील परका माणूस पाहणार आहे, हे ध्यानात असावे. दुकान, जिना व बाहेरचे दार एवढे पुरे.

वीज गेली, नेटवर्क गेले तर?

जुने अलार्म टेलिफोनच्या तारेवर चालत. चोर आधी तार कापी व मग दार फोडी. आजचे पॅनेल मोबाइलच्या सिमवर किंवा वाय-फायवर चालतात. वाय-फाय वीज गेली की राउटरसह बंद पडते, म्हणून एकट्या वाय-फायवर चालणारे यंत्र घेऊ नये. सिम व वाय-फाय दोन्ही असलेले घ्यावे.

सिमबाबतही सावध राहावे. बाजारातील स्वस्त पॅनेल अनेकदा फक्त टू-जीवर चालतात. जिओचे जाळे टू-जीवर चालत नाही, सबब ते सिम अशा पॅनेलमध्ये घातले तर यंत्र मुके राहते. खरेदीपूर्वी पॅनेल फोर-जीचे आहे काय हे विचारावे आणि आपल्या गल्लीत, आपल्या गाळ्याच्या आत कोणत्या कंपनीची रेंज चांगली येते हे स्वतःच्या फोनवर पाहावे. सिमचा रिचार्ज संपला तर अलार्मही संपला. तो कोण भरणार, आपण की कंपनी, हे लिहून घ्यावे.

पॅनेलमध्ये बहुधा बारा व्होल्टची छोटी बॅटरी असते. ती तीन ते पाच वर्षे चालते, उष्ण जागेत त्याहून कमी. बॅटरीवर तारीख लिहून ठेवावी. वीज बंद करून यंत्र किती तास तग धरते हे बसवणाऱ्याकडून प्रत्यक्ष पाहून घ्यावे.

खोटा गजर हा खरा शत्रू

गावच्या घराची हकीकत वर दिलीच आहे. हा दोष केवळ आपल्याकडचा नाही. अमेरिकेतील सॉल्ट लेक सिटी या शहराचे पोलीस खोट्या गजरांनी इतके त्रस्त झाले की २००० सालापासून त्यांनी नियम केला: गजराची खातरजमा आधी कोणीतरी जागेवर जाऊन करावी, तरच पोलीस येतील. पोलीस थकतात तेथे शेजारी किती दिवस उठणार?

खोटे गजर बहुतेक वेळा घरच्या सवयींतून होतात. खाली दुकान व वर घर असेल तर 'स्टे' पद्धतीची सोय असलेले पॅनेल घ्यावे. त्यात दुकानाचे सेन्सर जागे राहतात व वरचे घर मोकळे असते. फजरला उठणारे बुजुर्ग, रमजानमध्ये सहरीसाठी स्वयंपाकघरात जाणाऱ्या बायका यांच्या वाटेवर हालचालीचा सेन्सर येऊ देऊ नये. घरात मांजर असेल तर पाळीव प्राण्यांना वगळणारा सेन्सर मिळतो. मात्र बकरी ईदपूर्वी बोकड अंगणातून पडवीत बांधला जातो, तो त्या हिशेबात बसत नाही. तेवढे दिवस पडवीचा सेन्सर बंद ठेवावा.

सेन्सर दर महिन्याला फडक्याने पुसावा, कोळ्याची जाळी काढावी. एकाच सेन्सरवर गजर होत असेल तर तो सहन करू नये. त्याच आठवड्यात बसवणाऱ्याला बोलावून जागा बदलून घ्यावी. आणि खोटा गजर झाल्यास दुसऱ्या दिवशी शेजाऱ्यांना भेटून कारण सांगावे व झोपमोडीबद्दल माफी मागावी. यास पैसे पडत नाहीत, आणि पुढच्या वेळी तोच शेजारी उठतो.

कंपनीला विचारावयाचे प्रश्न

देखरेखीची कंपनी निवडताना पुढील प्रश्न विचारावेत व उत्तरे तोंडी न घेता कागदावर घ्यावीत.

कंट्रोल रूम कोणत्या शहरात आहे? रात्री दोन वाजता तेथे बसलेला माणूस आपल्या घरच्या मंडळींशी मराठीत किंवा हिंदीत बोलू शकेल काय? ती बंद पडली तर दुसरी कंट्रोल रूम आहे काय?

आमचे पॅनेल जिवंत आहे हे कंपनी किती वेळाने तपासते? सिग्नल येणे बंद झाले तर कळवणार काय व किती वेळात? हा प्रश्न फार महत्त्वाचा, कारण हुशार चोर सेन्सरला हात न लावता आधी पॅनेलच बंद पाडतो.

गजर झाल्यास कोणकोणाला, कोणत्या क्रमाने फोन जाईल? किती नावे देता येतील? पहिल्याने उचलला नाही तर किती वेळात दुसऱ्याला? कोणीच न उचलल्यास कंपनी स्वतः ११२ वर पोलिसांना कळवील काय?

कंपनीचा माणूस जागेवर येणार काय? येणार असेल तर कोठून निघणार व किती मिनिटांत? पहारेकरी पुरवणाऱ्या संस्थेस २००५ च्या खासगी सुरक्षा संस्था कायद्यानुसार परवाना लागतो व तो धंद्याच्या जागी दर्शनी लावावा लागतो. तो पाहावा.

काही विक्रेते सांगतात, "आमची घंटा थेट पोलीस ठाण्यात वाजते." अशा बोलण्यावर विसंबू नये. ठाण्याचे तसे पत्र असेल तर ते दाखवा म्हणावे. नसेल तर कंपनीही शेवटी आपल्यासारखाच फोन करणार आहे असे समजावे.

त्याच कंपनीचे आपल्या बाजारात कोण गिऱ्हाईक आहेत हे विचारून त्यांच्या दुकानी जाऊन यावे. 'बसवले कसे' हे विचारू नये. 'बिघडल्यावर माणूस किती दिवसांनी आला' हे विचारावे.

करारातील बारीक अक्षरे

यंत्र आपल्या मालकीचे की भाड्याचे? करार किती वर्षांचा? मध्येच सोडल्यास दंड किती? मुदत संपल्यावर आपोआप नवा होतो काय? कंपनी बदलायची झाल्यास हेच पॅनेल दुसऱ्या कंपनीला चालेल काय, की बसवणाऱ्याचा गुप्त कोड आपल्याला मिळणारच नाही? बहुतेक करारांत असेही असते की, चोरी झाल्यास कंपनीची जबाबदारी भरलेल्या फीपुरती मर्यादित. हे कलम शोधून वाचावे, म्हणजे नंतर धक्का बसणार नाही.

खर्चाचा हिशेब पाच वर्षांचा करावा. समजा यंत्र पंधरा हजारांचे व महिन्याचे पाचशे. साठ महिन्यांचे तीस हजार झाले. त्यात एक बॅटरी, सिमचा रिचार्ज व वार्षिक देखभाल मिळवली की 'पंधरा हजारांचा अलार्म' पन्नास हजारांच्या घरात जातो. याउलट यंत्र 'मोफत' देणारी कंपनी महिन्याच्या फीतून ते वसूल करते. दोन कंपन्यांची तुलना करताना हाच पाच वर्षांचा आकडा समोर ठेवावा. बिल जीएसटीसह पक्के घ्यावे. फसवणूक झाली तर १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवता येते. एकतर्फी व अन्यायकारक कराराविरुद्ध दाद मागण्याची सोय २०१९ च्या ग्राहक कायद्यात आहे.

कंपनी परवडत नसेल तर

लहान कारागिराने महिन्याचा खर्च करावाच असे आम्ही म्हणत नाही. स्वतः फोन लावणारे पॅनेल मिळते. त्यात पाच-सहा नंबर भरता येतात. परंतु नंबर कोणाचे भरावेत यावर सारे अवलंबून आहे. गावच्या घराच्या बाबतीत दोन्ही नंबर दूरचे होते, तेथेच घात झाला. पहिला नंबर पाच मिनिटांत चालत पोहोचणाऱ्याचा असावा, मग तो भाऊ नसला तरी चालेल: शेजारी, समोरचा बेकरीवाला, मशिदीजवळ राहणारा मित्र, बाजाराचा रात्रीचा पहारेकरी. मालकाचा नंबर शेवटी.

एका गल्लीतील आठ-दहा दुकानदारांनी एकत्र येऊन यंत्रे घेतली तर भावही उतरतो आणि एकमेकांचे नंबर एकमेकांच्या पॅनेलमध्ये भरता येतात. ज्याला बोलावणार त्याला आधी विचारावे, काय करायचे हे ठरवावे. एकट्याने आत शिरायचे नाही, दुरून दिवा मारायचा, आरडाओरडा करायचा व ११२ फिरवायचा. माल पुन्हा मिळवता येतो, जीव नाही.

कामगारांना प्रत्येकी वेगळा कोड द्यावा व कोणी काम सोडून गेल्यास त्याचा कोड त्याच दिवशी काढावा. यात संशय घेण्याचे कारण नाही. उद्या काही विपरीत घडलेच तर निर्दोष माणसावर आळ येणार नाही, हा त्याचा मोठा फायदा.

अमानतीचा माल आणि विमा

आपल्या धंद्यांत जागेतील माल पुष्कळदा आपला नसतोच. सोनाराच्या कारागिराकडे पेढीचे सोने असते, यंत्रमागवाल्याकडे व्यापाऱ्याचे सूत, जरीवाल्याकडे दुसऱ्याच्या साड्या, शिंप्याकडे लग्नाचे कपडे. आपला माल गेला तर नुकसान होते. अमानतीचा माल गेला तर बाजारातील शब्द जातो, आणि तो पुन्हा मिळवायला उमर जाते.

जे बांधव विमा उतरवतात त्यांनी तीन गोष्टी तपासाव्यात. आगीची पॉलिसी ही चोरीची पॉलिसी नव्हे. घरफोडीचा विमा वेगळा पाहावा. दुसरी, त्यात दुसऱ्याचा ताब्यात असलेला माल धरला आहे, असे स्पष्ट लिहून घ्यावे. नाहीतर केवळ स्वतःच्या मालाचे पैसे मिळतात. तिसरी, दार-कुलूप फोडल्याची खूण, ठराविक दिवसांपेक्षा जागा बंद न ठेवणे, अलार्म चालू असणे अशा अटी पाहाव्यात. अलार्म असल्याचे कळवून हप्ता कमी करून घेतला आणि चोरीच्या रात्री तो बंद निघाला, तर दावा अडू शकतो. जे विमा घेत नाहीत त्यांनी निदान अमानतीच्या मालाची रोजची नोंद वहीत ठेवावी व ती वही त्या जागेत ठेवू नये.

आत झोपलेल्या माणसाचे काय?

चोरीच्या धास्तीने काही ठिकाणी कामगार आत झोपलेले असताना बाहेरून कुलूप लावले जाते. हे कोणत्याही कारणाने करू नये. ८ डिसेंबर २०१९ रोजी दिल्लीच्या अनाज मंडी भागात कारखाने असलेल्या एका इमारतीला पहाटे आग लागली आणि आत झोपलेल्या कामगारांपैकी ४३ जण मरण पावले. मालाच्या रक्षणासाठी माणूस कोंडणे हा कोणत्याही वहीत न बसणारा हिशेब आहे. आतून हाताने उघडणारी कडी आणि त्या दाराला चुंबकाचा सेन्सर, एवढ्याने दोन्ही साधते: दार उघडले तर मालकाला कळते, आणि आग लागली तर माणूस बाहेर येतो. खिडकीच्या गजांतही एक झडप आतून उघडणारी असावी.

पैसे देण्यापूर्वी एक रात्र

यंत्र बसले की सगळे पैसे लगेच देऊ नयेत. काही रक्कम राखून ठेवावी आणि एक रात्र परीक्षा घ्यावी. शेजाऱ्यांना सांगून रात्री दोन वाजता मागचे दार उघडावे. सायरन किती वेळात वाजला, कंट्रोल रूमचा फोन कितव्या मिनिटाला आला, पहिला माणूस कितव्या मिनिटाला दारात उभा राहिला, हे घड्याळ पाहून लिहावे. मग वीज बंद करून पुन्हा पाहावे. मग राउटर बंद करून पुन्हा. हे आकडे तिजोरीच्या मिनिटांशी ताडून पाहिले की, घेतलेला अलार्म कामाचा आहे की नुसता दिखाऊ, ते आपोआप कळेल. ही परीक्षा दर सहा महिन्यांनी करावी, आणि लांबच्या प्रवासाला निघण्याच्या आठवड्यात तर जरूर करावी.

कुवैतच्या त्या बांधवाने यंत्र काढून टाकले नाही. सेन्सरच्या जागा बदलल्या, खिडक्यांना नव्या कड्या लावल्या, दागिन्यांपैकी उरलेले लॉकरमध्ये नेले. खालाचे चार तोळे ते पगारातून हप्त्याहप्त्याने भरून देत आहेत. यादीत आता पहिला नंबर त्या शेजारच्या चाचांचा आहे. ईदला सुट्टीवर आले की ते प्रथम त्यांच्याच घरी जातात, आणि रात्री एकदा सायरन वाजवून पाहतात. चाचा काठी घेऊन तीन मिनिटांत दारात येतात.